लेक कुठल्या गावची

उंबरठाण हे गाव होतं की नुसती वस्ती, याचं उत्तर मला आजही एका वाक्यात देता येत नाही. पुढे माझं आयुष्य बातम्या लिहिण्यात गेलं आणि त्या कामात पहिली शिस्त लागते ती ठिकाणाचं नाव बिनचूक लिहिण्याची. आपल्या वडिलांच्या गावाविषयी लिहायला बसते तेव्हा मात्र मी पहिल्या ओळीलाच अडखळते. पिशोरच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून ओढ्याच्या कडेने गेलं की चिंचेची काही झाडं, त्यांच्यातच एक विहीर, मारुतीचा ओटा आणि चार घरं लागत. एक आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या वडिलांचं. दुसरं त्यांच्या चुलत भावाचं, तिसरं कासीमचाचांचं. चौथ्यात कोणी राहत नसे. त्याला कुलूप नव्हतं, नुसती कडी लावलेली असायची. पण या चार घरांना स्वतःची शीव होती, शिवेवर दगड रोवलेले होते आणि सरकारी दप्तरात ‘मौजे उंबरठाण’ अशी वेगळी नोंद होती. आबा तिथले पाटील. ओढ्यापलीकडे सातमोरी नावाचं मोठं गाव होतं. तिथले लोक त्यांना चार घरांचे पाटील म्हणून हसत. आबा म्हणत, पाटील घरं मोजून होत नसतो, शीव धरून होतो.

गाव इतकं लहान का झालं, याची प्रत्येकाची हकिकत वेगळी होती. आबा सांगत की पूर्वी साठ उंबरे होते आणि मानमोडीच्या साथीत माणसं गेली. चुलत आजोबांच्या मते माणसं मेली नाहीत, ओढ्याला पूर आला म्हणून पलीकडे उंचावर जाऊन राहिली. म्हणजे सातमोरी मुळात आमचीच. सातमोरीत याच्या उलट सांगत: मूळ गाव त्यांचं, दोन भावांचं भांडण झालं आणि एकाने रागाने ओढ्याअलीकडे घर बांधलं. कासीमचाचांचं म्हणणं असं की त्यांच्या आजोबांनीही चारच घरं पाहिली होती आणि त्या आजोबांनाही कोणीतरी साठच सांगितली होती. मोठेपणी सवड मिळाली तेव्हा मी चौकशी करून पाहिली. चार माणसं, चार हकिकती, आणि एकीला दुसरीचा दुजोरा नाही. अशी बातमी छापायला देत नाहीत.

आम्ही राहायचो औरंगाबादला औरंगपुऱ्यात, कापडाच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत. वडील कचेरीत कारकून होते. निजामाच्या राज्यात ते उर्दूत कारकुनी शिकले. पोलीस ॲक्शननंतर तीच कामं मराठीत करायची वेळ आली, तेव्हा रोज संध्याकाळी ते माझ्या शाळेच्या पाटीवर मराठी आकडे गिरवत. सकाळी खाली दुकानाच्या फळ्या निघायच्या, त्यांच्या खडखडाटाने जाग यायची. मग टांग्यांच्या घंटा, पाण्यासाठी आईची घाई, जिन्यावरून चढणारा नव्या कापडाचा खळीचा वास. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई मला आणि धाकट्या भावाला घेऊन उंबरठाणला जायची. बसने फाट्यापर्यंत, तिथून आबांच्या बैलगाडीने. फाट्यावर गाडी वळली की आवाज एकेक करून कमी होत आणि शेवटी फक्त चाकाचा उरायचा. त्या शांततेची मला पहिले दोन दिवस भीती वाटायची. तिसऱ्या दिवसापासून वाटत नसे.

घर चालवायची ती सुभाआत्या. आजी मी जन्मायच्या आधीच गेली होती. आत्या तेव्हा वीसेक वर्षांची असेल. उंच, काळीसावळी, बोलायला तिखट. मला ती ‘दफ्तरवाल्याची लेक’ म्हणायची. सकाळी चुलीवर भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला की तो आबांना मळ्यात ऐकू जातो, असं ती सांगायची, आणि तिथून आबा खरोखर येतही असत. तिच्या हातची येसराची आमटी मला अजून आठवते. भाजलेल्या डाळींचं आणि ज्वारीचं ते पीठ ती पाण्यात कालवून उकळायची. वर लसणीची फोडणी. भाकरी कुस्करून आमटीत बुडवायची, कांदा बुक्कीने फोडायचा. मी शहरात तसा कांदा फोडून दाखवला तेव्हा आईने मला बाहेर जिन्यात बसवलं होतं.

ही गोष्ट ज्या सुट्टीची, त्या वर्षी आत्याची सोयरीक ठरलेली होती. नवरा सातमोरीचाच, दत्तू नावाचा. सातवी पास, सोसायटीत लिहिण्याचं काम करणारा, कमी बोलणारा. त्याच्या आजोबांना सगळे तात्या म्हणत. तात्या आणि आबा जन्माचे मित्र. बाजाराच्या दिवशी एकाच गाडीतून पिशोरला जायचे, जाताना भांडायचे आणि येताना तेच भांडण पुढे चालवायचे. सातमोरीत गावातल्या गावात सोयरीक करत नसत. गावच्या देवीपुढे सगळे भाऊबहीण, असा तिथला रिवाज. सून बाहेरून आणायची, लेक बाहेर द्यायची. ओढा ओलांडला की उंबरठाण, म्हणजे बाहेरगाव. त्यामुळे रिवाजही शाबूत आणि आत्याला माहेरही हाकेच्या अंतरावर. सुपारी फुटल्यापासून आबा आणि तात्या एकमेकांना अहोजाहो करू लागले होते. ते दोघांनाही जड जात होतं. मध्येच एखादं ‘अरे’ निसटायचं आणि दोघेही इकडेतिकडे पाहायचे.

लग्नाच्या कुरडया चालल्या होत्या. गहू भिजत घातल्याचा आंबट वास घरभर होता. वाटलेल्या गव्हाचा चीक मोठ्या पातेल्यात शिजत होता. आत्या आणि आई आळीपाळीने तो ढवळत होत्या आणि बाजेवर आबांचं जुनं धोतर अंथरलेलं होतं. तेवढ्यात हलगी ऐकू आली. सातमोरीचा दवंडीवाला मारुतीच्या ओट्यावर चढला होता. ऐकायला आबा, चुलत आजोबा, कासीमचाचा आणि आम्ही मुलं. त्याने मोठ्या गावात ओरडतात तेवढ्याच जोराने ओरडून सांगितलं की सरकारने दोन्ही गावांची मिळून एक पंचायत केली आहे, तिचं नाव सातमोरी, आणि निवडणुकीला सगळ्यांनी पलीकडे यायचं आहे. मग हलगी काखेत मारून खाली उतरला आणि हसत म्हणाला, “आजपास्नं तुमी बी आमीच, पाटील. आता हसायला दुसरं गाव हुडकावं लागतंय.”

आबाही हसले. त्याला गूळ घालून वाटीभर चीक दिला. त्या दिवशी कोणाच्या काही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. पण ते घरापर्यंत आले नाहीत. शिवेच्या दगडापलीकडे बाभळीखाली बसले आणि आबांना तिथे बोलावणं पाठवलं. सातमोरीतली जुनी माणसं सकाळी त्यांच्याकडे आली होती. दोन्ही गावं एक झाली असतील, तर उंबरठाणची पोरगी सातमोरीची लेक झाली. मग ती सातमोरीच्या घरात सून कशी यायची? तात्यांना लग्न मोडायचं नव्हतं, हे सगळे मान्य करत. पण काही वर्षांपूर्वी याच रिवाजावर बोट ठेवून त्यांनी पुतण्याचं लग्न मोडलं होतं आणि तो पुतण्या गाव सोडून गेला तो परत आला नव्हता. त्याची आई अजून तात्यांच्या समोरच्या घरात राहत होती.

“दुसऱ्याच्या लेकराला म्या सोडलं नाय, पाटील,” तात्या आबांना म्हणाले. “आता माझ्या नातवाला सोडलं, तर त्या बाईनं माझ्याकडं कसं बघावं?”

मला काहीच समजत नव्हतं. मी घरी येऊन आत्याला विचारलं की तू दत्तूची बहीण कशी झालीस. ती पातेल्यावर वाकलेली होती. वर न बघता म्हणाली, “काल न्हवते. उद्याचं ठाऊक नाय. तू आज चीक हलव, गुठळ्या व्हतील.”

वडिलांना निरोप गेला आणि ते रजा काढून आले. त्यांनी सगळ्यांना समोर बसवून समजावून सांगितलं: पंचायत वेगळी आणि महसूल वेगळा. पंचायत एक झाली, तरी मौजे उंबरठाण दप्तरात होतं तसंच राहणार, शीव होती तिथेच राहणार. आज मला कळतं की ते शब्दन् शब्द बरोबर बोलत होते. त्या दिवशी त्यांचं बोलणं संपलं तेव्हा ऐकणारे आधीपेक्षा जास्त गोंधळलेले होते. चुलत आजोबा म्हणाले, म्हणजे शीव राहिली पण गाव गेलं का? वडील म्हणाले, गावही राहिलं. मग गेलं काय, असं आबांनी विचारलं. तात्यांपर्यंत हे पोचलं तेव्हा त्यांचा प्रश्न याहून सरळ होता: सभेला गाव एक आणि लग्नाला दोन, तर मग पोळ्याला किती धरायचं? कायद्यात पोळा नव्हता.

शेवटी दोन्हीकडची माणसं शिवेवर बसली. भर दुपारची वेळ, बाभळीची सावली विरळ. तात्या आणि सातमोरीचे तिघे दगडाच्या पलीकडे, आबा, वडील, चुलत आजोबा आणि कासीमचाचा अलीकडे. आत्याने चहा करून माझ्याबरोबर पाठवला आणि तिथे नवाच पेच उभा राहिला. सोयरे म्हणून आलेत तर चहा मानाने घ्यायला हवा, आणि गावातलेच असतील तर मग मान कसला. पलीकडचे एकमेकांकडे पाहत बसले. चहावर साय धरली. कासीमचाचांनी एक कप उचलला. “मैं न सोयरा, न भाऊबंद. मेरेकू चाय पीने में कुछ हरकत नै,” असं म्हणून ते चहा बशीत ओतून प्यायले. मग तात्यांकडे वळून म्हणाले, “कागज से बी कब्बी कोई भाई-भैन हुए क्या, तात्या?”

तात्या म्हणाले, “कागदानं नाय रे बाबा. माणसं म्हणाया लागली म्हून झाले.”

तोडगाही कासीमचाचांनीच काढला. पोरीचा भाऊ औरंगाबादला राहतो, पोरीला तिकडे न्यावं, लग्न भावाच्या घरून लावावं. पोरगी औरंगाबादची धरावी. सातमोरीचे तिघे आपसात कुजबुजले. त्यांना ते चालण्यासारखं वाटलं. तात्यांनी एकच अट घातली. वरात शिवेवर अडवतात, नवरदेवाची पूजा करतात, तेव्हा वराकडचा वडीलधारा विचारतो, लेक कुठल्या गावची. तिथे पाटलांनी स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं औरंगाबाद म्हणायचं. मग पुतण्याच्या आईलाही बोलायला जागा राहत नाही.

आबांनी दगडाकडे पाहिलं. मग म्हणाले, “म्या तसं म्हणलो, तर उंबरठाणची म्हणून कोण ऱ्हायलं?”

आबा उठले आणि घरी आले.

पुढचे दिवस घरात विचित्र गेले. कुरडया वाळल्या होत्या, पण डब्यात कोणी भरत नव्हतं. भरल्या तर लग्न आहे असं होईल, आणि नाही भरल्या तर मोडलं असं होईल, म्हणून त्या धोतरावर तशाच होत्या आणि आम्ही येताजाता त्यातला तुकडा मोडून खात होतो. एरवी आई त्यावरून ओरडली असती. तेव्हा ती बघूनही न बघितल्यासारखं करत होती. आबा मळ्यातून येत, जेवत, मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसत. आम्हाला वाटायचं आबा आत्यावर रागावले आहेत. भावाचं म्हणणं, आत्या आबांवर रागावली आहे. पोरीचं लग्न लागावं आणि गावाचं नावही राहावं, या दोन साध्या गोष्टी एकमेकींच्या आड कशा येतात, हे आम्हाला कोणीच सांगत नव्हतं. मला वाटतं, मोठ्यांनाही ते नीट सांगता आलं नसतं.

एका दुपारी आत्या आबांना वाढत होती. तिने ताटात आमटी वाढली, पळी हातातच ठेवली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “आबा, तुमाला गाव ठिवायचं का मला धाडायचं, तेवढं सांगा. दोन्ही व्हायचं नाय. गाव ठिवलं तरी माझी ना नाय. म्या हितंच ऱ्हाते. पण मग तात्यांच्या संगं बाजाराला जायचं आन् घरी आल्यावर माझ्या तोंडाकडं बघायचं, ते तुमाला जमंल का?”

आबांनी दोन घास खाल्ले. आमटीत मीठ जास्त झालंय म्हणाले. मी तीच आमटी खात होते. मीठ बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतः कुरडया डब्यात भरल्या आणि गाडी जुंपली.

आत्याने औरंगाबाद तोवर पाहिलं नव्हतं. लग्नाआधीचे आठ दिवस ती आमच्या दोन खोल्यांत राहिली. रस्त्यावर जाऊ दिलं नाही, हळद लागायची होती. ती खिडकीशी बसून खालचा रस्ता बघायची आणि मला विचारायची की ही एवढी माणसं रोज कुठं चालली आहेत. शहराची शीव कुठली धरायची, यावर वडील आणि शेजारी दोन संध्याकाळी बोलले. कोणी म्हणे जकात नाका, कोणी म्हणे रेल्वे फाटक. शेवटी पैठण दरवाजा ठरला, कारण तो चालत जाण्यासारखा होता.

वरात बसने आली आणि स्टँडवरून पायी निघाली. दरवाज्याशी आम्ही ताट घेऊन उभे. टांगेवाले वाट मागत होते, रसवंतीचे घुंगरू वाजत होते, एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून थकला आणि उतरून बघत उभा राहिला. दत्तूच्या मुंडावळ्या वाऱ्याने तोंडावर येत होत्या. पूजा झाली, नारळ फुटला. तात्या पुढे झाले. त्यांच्या मागे सातमोरीची माणसं, आणि त्यांच्यात पुतण्याची ती आईही होती. तात्यांनी विचारलं, “लेक कुठल्या गावची, पाटील?”

मी आबांच्या शेजारी उभी होते, त्यामुळे पुढचं खात्रीने सांगू शकते. आबांनी आधी त्या बाईकडे पाहिलं, मग तात्यांकडे. आवाज चढवला नाही, पण शब्द सुटा उच्चारला.

“औरंगाबादची.”

तात्यांनी त्यांना मिठी मारली आणि विसरून म्हणाले, “चल गड्या.” रडले तेही तात्याच. आबांचे डोळे कोरडे होते. पुतण्याची आई पुढे आली आणि तिने माझ्या आईच्या हातातलं ताट घेऊन दत्तूला ओवाळलं. तिने माफ केलं, की तिला फक्त जवळून बघायचं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर जिला जिला विचारलं तिने वेगळं सांगितलं.

दिवाळीत वडिलांनी कचेरीतून खात्री करून आबांना सांगितलं की उंबरठाण दप्तरात शाबूत आहे, एक ओळही बदललेली नाही. आबा म्हणाले, तू तवाच सांगितलं होतंस. वडील म्हणाले, मग ऐकलं का नाहीत. आबा म्हणाले, “ऐकलं ना. पण लगीन दप्तरात लागत नसतंय.” आबांनंतर चुलत आजोबांची माणसं पिशोरला गेली. कासीमचाचांचा मुलगा शहरात आला. त्याचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जायचा, मला एकदा बसमध्ये भेटला होता. मौजे उंबरठाण आजही दप्तरात आहे. नावापुढे ‘बेचिराग’ असा शेरा आहे. ज्या गावात कोणी राहत नाही त्याला महसुलात तसं म्हणतात.

सातमोरीत सुनांना माहेराच्या गावावरून हाक मारतात. पिशोरवाली, कन्नडवाली. आत्या ‘औरंगाबादवाली’ झाली आणि जन्मभर तीच राहिली. औरंगाबादची म्हणून बायका तिला शहराचं विचारत. लुगडं कुठल्या दुकानात घ्यावं, डॉक्टर कुठला बरा. ती ठणकावून सांगायची, आणि मला वाटतं बहुतेक ते त्या आठ दिवसांत खिडकीतून पाहिलेलं असायचं. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं. आत्याचं बदललं नाही.

तिला शेवटचं भेटायला गेले तेव्हा ती घराच्या माळवदावर उन्हात बसली होती. नातसून नवीन होती, शेळ्या घेऊन निघाली होती. ओढ्यापलीकडच्या चिंचांकडे हात करून तिने विचारलं, “आजी, तिकडं पलीकडं कोण राहायचं?”

आत्याने तिकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

“मला काय ठाऊक? म्या औरंगाबादची.”

नातसून जिना उतरू लागली. ती अर्ध्यावर गेल्यावर आत्याने तिला हाक मारली.

“मधल्या चिंचंखाली शेळ्या सोडू नगं. तिथं हीर हाय. गवतानं झाकलीय, दिसायची नाय.”